पहिला मानांकित बहुतेक वेळा जिंकत नाही, आणि त्यात काही बिघडलेलं नसतं

२०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीत महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, तेव्हा पार्ल्यातल्या आमच्या इमारतीत पेढे वाटले गेले. वय १९, स्पर्धेतलं मानांकन पंधरावं. वाटेत तिने चीनच्या झू जिनेरला हरवलं, माजी जगज्जेत्या तान झोंगयीला हरवलं, आणि अंतिम सामन्यात जलद डावांमध्ये कोनेरू हम्पीला. ‘पंधराव्या मानांकनाची मुलगी जिंकलीच कशी?’ असं त्या दिवशी मला एकानेही विचारलं नाही.

चार महिन्यांनी खुल्या गटाचा विश्वचषक आपल्या शेजारी, गोव्यात झाला. पहिली तिन्ही मानांकनं भारतीयांची होती: गुकेश, अर्जुन एरिगैसी, प्रज्ञानंद. गुकेश तिसऱ्या फेरीत जर्मनीच्या फ्रेडरिक स्वानेकडून हरला. प्रज्ञानंदला चौथ्या फेरीत दानिल दुबोवने बाहेर काढलं, अर्जुनला उपांत्यपूर्व फेरीत वेई यीने. उपांत्य फेरीत एकही भारतीय उरला नाही आणि चषक उझबेकिस्तानचा १९ वर्षांचा जावोखिर सिंदारोव घेऊन गेला. मग मात्र लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी, फोनवर, सगळीकडे एकच प्रश्न: ‘असं कसं झालं हो? पोरं हवेत गेली का?’

पोरं हवेत गेली नव्हती. दिव्या जिंकली आणि गुकेश हरला, या दोन्हींचं उत्तर एकच आहे आणि ते शाळेतल्या गणिताने समजतं. ते एकदा समजलं की या स्पर्धा पाहायची गोडी वाढते, आणि हरलेल्या मुलांवर उगीच राग निघत नाही. मला हे लिहावंसं वाटलं ते मुख्यतः या दुसऱ्या कारणासाठी.

गुणांकन वेगळं, मानांकन वेगळं

बातम्यांत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी पडतात, म्हणून आधी ते वेगळे करू. गुणांकन, म्हणजे ज्याला सगळे रेटिंग म्हणतात, ते खेळाडूच्या ताकदीचा आकडा असतं. मानांकन म्हणजे त्या स्पर्धेपुरता लावलेला क्रम, आणि तो बहुधा गुणांकनावरूनच लावतात.

गुणांकनाची आजची पद्धत आर्पाद एलो यांची. जन्माने हंगेरियन, अमेरिकेत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, १९७० मध्ये ती स्वीकारली. तिचं सारं मर्म दोन खेळाडूंमधल्या फरकात आहे. फरक शून्य असेल तर दोघांनी निम्मे निम्मे गुण मिळवावेत अशी अपेक्षा. फरक १०० असेल तर वरच्याने शंभर डावांत ६४ गुण मिळवावेत, २०० असेल तर ७६. आणि फरक २० असेल तर? जेमतेम ५३.

हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा. जगातल्या पहिल्या दहा-पंधरांतले बरेच खेळाडू एकमेकांपासून साधारण इतक्याच अंतरावर असतात.

आणखी एक गफलत फार होते. ६४ गुण म्हणजे ६४ विजय नव्हेत. विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा. ४० डाव जिंकले, ४८ बरोबरीत सुटले आणि १२ हरले, तरी बेरीज ६४ च होते. वरच्या पातळीवर पारंपरिक, म्हणजे तासन्‌तास चालणारे डाव निम्म्याहून अधिक वेळा बरोबरीत सुटतात. २०१८ ची जगज्जेतेपदाची लढत आठवा: लंडनमध्ये तेव्हाचा जगज्जेता कार्लसन आणि आव्हानवीर कारुआना बारा डाव खेळले आणि बाराच्या बारा बरोबरीत सुटले. निकाल शेवटी जलद डावांत लागला. तेव्हा ‘आज कोण जिंकेल?’ या प्रश्नाचं सगळ्यात सुरक्षित उत्तर ‘कुणीच नाही’ हे असतं. ऐकायला बरं वाटत नाही, पण खरं तेच.

पांढऱ्या मोहऱ्यांचाही थोडा फायदा असतो, कारण पहिली चाल त्यांची. शंभर डावांत साधारण ५४-५५ गुण पांढऱ्याकडे जातात. ग्लोबल चेस लीग या सांघिक स्पर्धेत तर काळ्याने जिंकल्यास चार गुण आणि पांढऱ्याने जिंकल्यास तीन, असा हिशेब आहे. २०२५ च्या डिसेंबरात ती गिरगावच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये झाली, तेव्हा बऱ्याच मुंबईकरांना हा फरक पहिल्यांदा कळला. घरी अंदाज बांधताना निदान आज कुणाकडे कोणता रंग आहे एवढं तरी पाहावं.

गोव्यात काय झालं: गुणाकार

विश्वचषक ही बाद पद्धतीची स्पर्धा. गोव्यात २०६ खेळाडू होते. पहिल्या ५० जणांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली होती, म्हणजे त्यांना चषकासाठी सलग सात सामने जिंकायचे होते. सामना म्हणजे दोन पारंपरिक डाव, आणि बरोबरी झाली तर मग जलद.

आता गुकेशबाबत उदारपणे धरू की प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता ७५ टक्के आहे. चारातले तीन सामने तो जिंकणार, याहून मोठा भरवसा कुणावर टाकायचा? पण सात सामने ओळीने जिंकायचे म्हणजे ०.७५ ला स्वतःनेच सात वेळा गुणायचं. उत्तर येतं १३ टक्के. म्हणजे शंभरातले ८७ विश्वचषक तो जिंकणार नाही, आणि तरीही तोच सर्वांत प्रबळ दावेदार असेल.

मुंबईकराला हे पटायला वेळ लागू नये. घरातून निघताना रिक्षा मिळेल, लोकल वेळेवर येईल, दादरला पूल तुंबलेला नसेल, पुढची गाडी मिळेल, लिफ्ट चालू असेल. एकेक गोष्ट बहुतेक वेळा जमते. पाचही एकाच सकाळी जमल्या असा दिवस महिन्यातून किती वेळा येतो?

उपांत्य फेरी गाठायला पाच सामने. ०.७५ चा पाच वेळा गुणाकार केला की २४ टक्के येतात. म्हणजे तिथे न पोहोचण्याची शक्यता ७६ टक्के. पहिल्या तिघांनाही हाच आकडा लावला, तर तिघांपैकी एकही उपांत्य फेरीत नसण्याची शक्यता ०.७६ गुणिले ०.७६ गुणिले ०.७६, म्हणजे ४४ टक्क्यांच्या आसपास. ज्याला आपण आक्रीत म्हणून बसलो, ते नाणेफेकीत छापा पडण्याइतकं साधं होतं.

दिव्याचंही हेच. पहिल्या मानांकितांचा वाटा इतका लहान असेल तर उरलेला मोठा वाटा बाकीच्यांत वाटला जातो. पंधराव्या मानांकनाला त्यातला तुकडा लहानच मिळतो, पण तो शून्य नसतो. आणि तो पदरात पाडून घ्यायला लागणारी हिंमत कुठल्याच आकड्यात मोजलेली नसते.

साखळी स्पर्धेत तरी सरस खेळाडू वर येतो ना?

हा आक्षेप रास्त आहे. बाद पद्धतीत एका वाईट दिवसाने घात होतो. पण आव्हानवीरांची स्पर्धा, म्हणजे कँडिडेट्स, दुहेरी साखळीची असते: आठ जण, प्रत्येकाशी दोनदा, एकूण १४ डाव. जिंकेल तो जगज्जेत्याला आव्हान देतो. इथे एक वाईट दिवस भरून काढता येतो.

२०२४ ची टोरांटोची स्पर्धा घेऊ, तिचे आकडे मी स्वतः मांडून पाहिले आहेत. सुरुवातीची गुणांकनं अशी: कारुआना २८०३, नाकामुरा २७८९, फिरोझा २७६०, नेपोम्नियाची २७५८, प्रज्ञानंद २७४७, गुकेश २७४३, नाशिकचा विदित गुजराथी २७२७, अबासोव २६३२. गुकेश आठांत सहावा. बाकीच्या सातांच्या सरासरीशी तुलना केली, तर कारुआनाने १४ डावांत ८.३ गुण मिळवावेत अशी अपेक्षा निघते. त्याने मिळवले ८.५. म्हणजे कारुआना अपेक्षेपेक्षा कणभर चांगलाच खेळला, तरी जिंकला नाही! विदितची अपेक्षा ६.६, मिळाले ६. (याच विदितने नाकामुराला दोन्ही डावांत हरवलं, ही आठवण अजून सुखावते.) गुकेशची अपेक्षा बरोबर सातची. त्याने मिळवले ९.

हे वरचे दोन गुण आले कुठून? १४ डावांत नुसत्या चढउतारानेच कुणाचीही बेरीज अपेक्षेच्या सव्वा गुण वर किंवा खाली सहज जाते. आता पाहा: कारुआना आणि गुकेश यांच्या अपेक्षेतला फरक १.३ गुणांचा. म्हणजे पहिला आणि सहावा यांच्यात जेवढं अंतर आहे, तेवढं तर साधी भरती-ओहोटीच कापून टाकते. दोन गुणांची उडी एखाद्या ठरावीक खेळाडूला शंभरातून पाच-सहा वेळाच लाभते. पण खेळायला आठ जण असतात. त्यांच्यातल्या कुणा ना कुणाला ती लाभण्याची शक्यता तीनात एक इतकी होते. म्हाडाच्या सोडतीत आपला नंबर लागेल का याची खात्री कुणी देत नाही, पण कुणाचा तरी लागणार हे नक्की असतं. स्पर्धेचंही तसंच आहे, फक्त इथे अर्ज भरायलाच आयुष्याची दहा-बारा वर्षं घालवावी लागतात.

बुद्धिबळात फासे नाहीत, मग नशीब कुठून आलं?

शेजारचे काका मला हेच विचारतात, आणि थोडे चिडून विचारतात. पटावर सगळं उघडं असतं, लपवलेलं काही नाही, मग दैव कसलं?

टोरांटोची शेवटची फेरी पाहा. तिथली दुपार म्हणजे आपली मध्यरात्र. डाव आपल्याकडे रात्री बाराला सुरू व्हायचे. गुकेश अर्ध्या गुणाने पुढे होता. काळी मोहरी घेऊन त्याने नाकामुराला बरोबरीत रोखलं आणि उठला. त्याच्या हातात होतं ते सगळं त्याने केलं होतं. दुसऱ्या पटावर कारुआना आणि नेपोम्नियाची अजून खेळत होते, आणि दोघांपैकी कुणीही जिंकलं असतं तर गुकेशची बरोबरी होऊन जादा डाव खेळावे लागले असते. कारुआनाकडे जिंकणारी स्थिती एकदा नव्हे, अनेकदा आली. दर वेळी ती निसटली. १०९ चालींनंतर तो डाव बरोबरीत सुटला आणि १७ वर्षांचा गुकेश आव्हानवीर झाला. मुंबईत तेव्हा २२ एप्रिलची पहाट होत होती.

त्या दुसऱ्या पटावर गुकेशचं काहीच चालणार नव्हतं. कारुआनाला एक चाल दिसली असती तर आज आपण वेगळी गोष्ट सांगत असतो. नशीब म्हणतात ते हे. प्रतिस्पर्ध्याने नेमकी कोणती सुरुवात घरून घोटून आणली, आदल्या रात्री झोप कशी लागली, शेजारच्या पटावर कुणाचा हात चुकला, या सगळ्यांची बेरीज. त्याने खेळाडूचं कर्तृत्व उणं होत नाही. दैवाने दार उघडलं तेव्हा दाराशी पोहोचलेला तोच होता.

मग गुणांकन काय कामाचं?

खूप कामाचं, फक्त ते हवामानाच्या अंदाजासारखं वाचायला हवं. सत्तर टक्के पावसाची शक्यता सांगितली आणि पाऊस आला नाही, तर अंदाज खोटा ठरत नाही. दहापैकी तीन वेळा तो येणार नाही, हे त्या आकड्यातच सांगितलेलं असतं. अंदाज पारखायचा तो एका दिवसावरून नव्हे: ‘सत्तर टक्के’ म्हटलेल्या सगळ्या दिवसांपैकी सत्तर टक्के दिवशी पाऊस आला का, ते पाहायचं. वर्षभराच्या हजारो डावांवर गुणांकन या कसोटीला चांगलं उतरतं.

त्याची एक खरी उणीव आहे, आणि ती आपल्या मुलांच्या बाबतीत महत्त्वाची. गुणांकन हळू चालतं. वरच्या पातळीवर अपेक्षेपेक्षा एक गुण जास्त मिळवला की दहाची भर पडते, म्हणजे टोरांटोतल्या त्या अफाट कामगिरीने गुकेशला वीसच मिळाले. झपाट्याने वाढणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचं गुणांकन त्याच्या ताकदीच्या मागून येतं, वाढत्या पोराच्या शर्टाच्या बाह्या आखूड पडाव्यात तसं. म्हणून तरुणांच्या आकड्यात मी मनातल्या मनात थोडी भर घालतो.

कॉम्प्युटरला सगळं कळतं, मग तो निकाल का सांगत नाही?

थेट प्रक्षेपणात पटाच्या कडेला एक उभी पट्टी असते, काळी-पांढरी. पांढरा भाग वर चढला की पांढरा सरस. ती स्टॉकफिशसारख्या प्रोग्रामच्या मूल्यमापनावर चालते. शेजारी आकडा असतो, तो म्हणजे किती प्याद्यांइतका वरचढपणा याचा ढोबळ हिशेब.

पट्टी काय सांगते ते नीट समजून घ्या. इथून पुढे दोघांनी यंत्रासारखं अचूक खेळलं तर काय होईल, एवढंच ती सांगते. माणसं तसं खेळत नाहीत. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसलेला माणूस आणि दोरीवर चालणारा डोंबारी, दोघांचाही तोल सांभाळलेला असतो. पट्टी दोघांनाही शून्य दाखवेल. पण पुढच्या पाच मिनिटांत कोण पडू शकतो, हे तुम्हाला-आम्हाला दिसतं, पट्टीला नाही.

१२ डिसेंबर २०२४. सिंगापूरला जगज्जेतेपदाचा चौदावा आणि शेवटचा डाव. तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन विरुद्ध गुकेश, गुण ६.५-६.५. गुकेशकडे एक प्यादं जास्त होतं, पण पट्टी बरोबरी दाखवत होती आणि तिचं चुकलेलं नव्हतं. मी संध्याकाळी लोकलमध्ये उभा राहून मोबाइलवर बघत होतो. मग ५५ व्या चालीला डिंगने हत्ती चुकीच्या घरात नेला. त्यामुळे हत्तींची मारामारी झाली, उंटांचीही टाळता येईना, आणि उरलेल्या प्याद्यांच्या खेळात ते जादा प्यादं पुरेसं ठरलं. कित्येक तासांची बरोबरी एका चालीत गेली. त्या वेळी पट्टीऐवजी घड्याळ पाहणाऱ्यांना थोडा अंदाज आला असता: डिंगकडे मिनिटं थोडी उरली होती, तो थकला होता आणि बचाव करत होता.

म्हणून माझा आग्रह आहे की पट्टी झाकून ठेवा आणि घड्याळ पाहा. टोरांटोत पहिल्या ४० चालींना दोन तास होते आणि त्या टप्प्यात प्रत्येक चालीमागे मिळणारे जादा सेकंदही नव्हते. तिसाव्या चालीला कुणाकडे पाच मिनिटं उरली असतील, तर पट्टी काहीही म्हणो, धोका त्याला आहे.

शेवटच्या फेऱ्यांत आणखी एक गोष्ट बदलते. पुढे असलेला जपून खेळतो, मागे असलेला जिंकायचंच म्हणून जोखीम घेतो, आणि जोखमीने विजयाबरोबर पराभवही वाढतात. सुरुवातीच्या फेऱ्यांचं बरोबरीचं प्रमाण तिथे लावू नये.

वहीत लिहून पाहा

‘कोण जिंकेल?’ याला नाव सांगणं सोपं असतं. मी आणि माझा भाचा टोरांटोपासून एक वही ठेवतो. स्पर्धेआधी प्रत्येक खेळाडूला टक्के द्यायचे, बेरीज शंभर. स्पर्धा संपली की दंड मोजायचा. ही दंडाची पद्धत १९५० मध्ये ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने पावसाचे अंदाज तपासायला मांडली होती. घडलं तर १, न घडलं तर ०. त्यातून तुम्ही सांगितलेली शक्यता वजा करायची आणि उत्तराचा वर्ग करायचा. ६० टक्के म्हणालात आणि घडलं, तर दंड ०.४ चा वर्ग, ०.१६. ९० म्हणालात आणि घडलं नाही, तर ०.८१. बेताने बोलणाऱ्याला दंड थोडा, छातीठोकपणे चुकणाऱ्याला जबर.

शेजारचे काकाही खेळतात, पण त्यांना टक्केवारी पटत नाही. ते गुकेशला शंभर देतात आणि वही परत करतात. टोरांटोत मी गुकेशला ९ दिले होते, भाच्याने २०. गुकेशच्या रकान्यात माझा दंड ०.८३, भाच्याचा ०.६४, काकांचा शून्य. आठवडाभर काका जिन्यात भेटले की हसत होते. गोव्यात मी १४ दिले, भाच्याने ३०, काकांनी पुन्हा शंभर. माझा दंड ०.०२, भाच्याचा ०.०९, काकांचा पूर्ण १.

दोन्ही स्पर्धा मिळून भाचा ०.७३ वर, मी ०.८५ वर, काका १ वर. मी ती बेरीज काकांना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून पाहिली आणि म्हणाले, “अरे, दोन स्पर्धांवरून काय ठरतं? आणखी वीस होऊ देत.” आणि पुढच्या पानावर गुकेशच्या नावापुढे शंभर लिहून ठेवले.